काला अंबच्या वाटेवर : मध्यम आकाराच्या कौटुंबिक गाडीची रोजची ओळख

दिल्ली आणि तिच्या परिसरात नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना पानिपतला एकदा तरी जाऊन यायचे असते. गावाकडून आई-वडील येतात, लाल किल्ला आणि कुतुबमिनार पाहून होतात आणि मग एखाद्या संध्याकाळी आजोबा हळूच विचारतात, "पानिपत इथून किती लांब रे?" अंतर फार नाही. मध्य दिल्लीपासून पानिपत शहर सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे आणि शहराबाहेर थोड्याच अंतरावर 'काला अंब' हे स्मारक आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन संक्रांतीच्या सुमारास झालेल्या लढाईत सदाशिवरावभाऊ येथेच लढले, अशी परंपरागत समजूत आहे. रणातील रक्ताने ज्याची पाने काळवंडली असे सांगतात, तो आंबा आता राहिलेला नाही. त्या जागी स्मृतिस्तंभ आहे आणि त्याच्याभोवती शांत, मोकळे उद्यान आहे. पानिपत जिल्ह्याचा समावेश राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात होतो, ही गोष्टही येथेच नोंदवून ठेवलेली बरी. तिचा संबंध पुढे गाडीच्या इंधनाशी येणार आहे.

जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आसपासचा हा एक दिवसाचा प्रवास कौटुंबिक मोटारीच्या परीक्षेसाठी मोठा सोयीचा आहे. वसाहतीतील अरुंद गल्ली, राजधानीतील खोळंबलेली वाहतूक, आठपदरी महामार्ग, हिवाळ्यातील धुके, पानिपतच्या बाजारपेठेतील गर्दी आणि शेवटचा गावरस्ता हे सारे एकाच दिवसात पुढ्यात येते. विक्रेत्याच्या दालनासमोरील रुंद रस्त्यावर पंधरा मिनिटांच्या फेरीत यातले काहीच कळत नाही. आणि ज्या वस्तूचे हप्ते पुढील पाच-सात वर्षे फेडायचे, तिची निवड बहुधा त्या पंधरा मिनिटांवरच होते.

'मध्यम' म्हणजे नेमके किती?

उंच बांध्याची, सर्वांना सामावून घेणारी गाडी महाराष्ट्राला नवी नाही. १९९४ साली बाजारात आलेल्या टाटा सुमोचे नाव टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून ठेवले गेले, हे अनेकांना ठाऊक असेल. २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून महिंद्र स्कॉर्पिओ बाहेर पडली. या गाड्या कणखर होत्या, पण शहरातील रोजच्या वापराला त्या जड पडत. त्यांचा सांगाडा ट्रकसारखा वेगळा आणि त्यावर बसवलेली बॉडी, अशी ती रचना होती. आज ज्यांना 'मिडसाइझ एसयूव्ही' म्हटले जाते त्यांची घडण मोटारकारसारखी, एकसंध सांगाड्याची असते. २०१२ साली आलेली रेनो डस्टर आणि २०१५ साली आलेली ह्युंदाई क्रेटा यांनी हा वर्ग आपल्याकडे रुजवला. पुढे २०२१ मध्ये पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यातून स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन या भावंडांनी त्यात भर घातली. कुशाक हे नाव राजा या अर्थाच्या संस्कृत शब्दावरून घेतल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले होते.

'मध्यम' या शब्दामागे करआकारणीची एक रेषा आहे. २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या लहान मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि तेव्हापासून भारतातील मोटारी चार मीटरच्या अलीकडच्या व पलीकडच्या अशा विभागल्या गेल्या. कुशाक बाजारात आली तेव्हा तिची लांबी ४,२२५ मिलिमीटर होती, तर क्रेटाची २०२४ ची आवृत्ती ४,३३० मिलिमीटर लांब आहे. म्हणजे रेषेपलीकडे जेमतेम वीत-दीड वीत. या वर्गातील दीड लिटरपर्यंतच्या पेट्रोल व डिझेल गाड्यांवर पूर्वी २८ टक्के वस्तू व सेवा कर आणि १७ टक्के उपकर असे एकूण ४५ टक्के पडत. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन सरसकट ४० टक्के दर लागू झाला. लहान गाड्यांचा दर मात्र १८ टक्क्यांवर आला. तेव्हा वीतभर जास्त लांबीसाठी कुटुंब कराच्या रूपाने बरीच मोठी रक्कम मोजत असते. त्या बदल्यात पदरात काय पडते, हा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो.

दारापासून मुकरबा चौकापर्यंत

समजा, घरात आजी-आजोबा, मुलगा-सून आणि एक शाळकरी नात अशी पाच माणसे आहेत. सकाळी सहाला निघायचे आहे. गाडीची पहिली परीक्षा इंजिन सुरू होण्यापूर्वीच होते आणि ती आजी घेतात. ठेंगण्या मोटारीत बसायचे म्हणजे गुडघ्यांवर भार देऊन खाली वाकावे लागते. उतरताना तर कोणाचा तरी हात लागतोच. खऱ्या जीपगाडीत उलट वर चढावे लागते. मध्यम एसयूव्हीच्या आसनाची उंची या दोहोंच्या मधली, साधारण माणसाच्या कमरेशी जुळणारी असते. बसायचे ते सरकून, उतरायचे तेही सरकून. संधिवात असलेल्या माणसाला या चार बोटांच्या फरकाचे मोल टपावर उघडणाऱ्या काचेपेक्षा किती तरी अधिक वाटते. जाहिरातीत मात्र काच दिसते, आजीचे गुडघे दिसत नाहीत.

मागच्या आसनावर तिघे बसतात असे कागदोपत्री म्हटले जाते. प्रत्यक्षात गाडीची रुंदी पावणेदोन ते एक मीटर ऐंशी सेंटिमीटरच्या दरम्यान असल्याने दोघे प्रशस्त आणि तिसरे मूल, अशीच ती सोय असते. मधल्या जागेला डोक्याला आधार आहे का, तीन बिंदूंचा पट्टा आहे का की केवळ कमरेचा, हे पाहून घ्यावे. नातीची जागा तीच असते. एअर कंडिशनरचे झरोके मागे आहेत की नाहीत, याचे महत्त्व जानेवारीत पटत नाही. मे महिन्यात पटते.

सामान ठेवायच्या जागेबाबतही आकड्यांकडे डोळसपणे पाहावे. क्रेटाची डिकी ४३३ लिटरची, तर कुशाकची मूळ आवृत्तीत ३८५ लिटरची. पाच माणसांच्या एका दिवसाच्या सामानाला दोन्ही पुरेशा. पुण्याला जायचे असेल तर दोन्ही अपुऱ्या! सीएनजीची टाकी किंवा हायब्रिड गाडीची बॅटरी डिकीच्या भागात बसवलेली असेल तर ही जागा आणखी आक्रसते. इंधनाच्या बचतीचा हिशेब मांडताना ही गोष्ट सहसा विसरली जाते.

वसाहतीतून बाहेर पडताना चालकाच्या उंच बैठकीचा फायदा लगेच जाणवतो. समोरच्या रिक्षापलीकडचे दिसते, वळणाचा अंदाज येतो. पण उंच बॉनेटमुळे गाडीच्या अगदी नाकासमोरचे काही फूट दिसत नाहीत आणि पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे जाड खांब वळताना पादचाऱ्याला झाकून टाकतात. लहान मुले खेळत असलेल्या गल्लीत ही त्रुटी क्षुल्लक नव्हे. मागील कॅमेरा आता बहुतेक गाड्यांत मिळतो, पण नाकासमोरचे त्याला दिसत नाही. नव्या चालकाने पहिले आठ दिवस गाडी भिंतीसमोर उभी करून, खाली उतरून अंतर मोजण्याचा जुना उपाय करून पाहावा.

मुकरबा चौकापर्यंतची वाहतूक थांबत-थांबत चालते. येथे इंजिनाचा स्वभाव कळतो. टर्बो बसवलेली एक लिटरची इंजिने कागदावर दमदार असतात. कुशाकचे तसे इंजिन ११५ पीएस शक्तीचे आहे. पण टर्बोला वेग घ्यायला क्षणभर लागतो आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू सरकताना पाय क्लचवरून फारसा हलत नाही. टर्बोविना दीड लिटरचे पेट्रोल इंजिन याच गर्दीत अधिक शांतपणे सरकते, मात्र महामार्गावर भरल्या गाडीने ट्रक ओलांडताना ते थोडी वाट पाहायला लावते. रोज कार्यालयात जाण्यासाठी गाडी वापरणाऱ्याने ऑटोमॅटिक गिअरचा विचार करावा. त्यासाठी लाखभर ते दीड लाख रुपये जास्त पडतात आणि डाव्या गुडघ्याला त्याचा हिशेब बरोबर समजतो.

धुक्यातील महामार्ग

सिंघूची हद्द ओलांडली की कुंडली, राई, बहालगढ, मुरथल, गन्नौर, समालखा अशी गावे मागे पडत जातात. हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४, पूर्वीचा क्रमांक १. शेरशहाच्या काळापासूनची ही राजवाट. मुरथलचे पराठे हा या वाटेवरील थांबा असतोच. तेथे थांबावे, पण निघण्यापूर्वी एकदा गाडीभोवती फेरी मारून टायर पाहावेत.

कारण असे, की शहरात एकट्याने चालवलेली गाडी आणि आजची गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत. पाच माणसे आणि सामान मिळून साडेतीनशे ते चारशे किलो वजन होते. साडेबाराशे किलोच्या गाडीला हा जवळजवळ एक तृतीयांश अधिक भार झाला. ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर वाढते, मागचा भाग खाली बसतो आणि हेडलाइटचा झोत वर उचलला जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डॅशबोर्डवर झोत खाली-वर करण्याची छोटी चकती बहुतेक गाड्यांत असते. अनेक मालकांनी ती कधी फिरवलेलीही नसते. भरल्या गाडीसाठी टायरमधील हवेचा दाब वेगळा असतो आणि तो चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. थंडीत हा दाब आपोआपही उतरतो. तापमान पाच-सहा अंशांनी घसरले की सुमारे एक पौंड. मुंबईहून बदली होऊन आलेल्याला पहिल्या हिवाळ्यात याची कल्पना नसते.

मोकळ्या महामार्गावर या वर्गातील गाड्या ताशी नव्वद-शंभरच्या वेगाने निवांत धावतात. विभाजक असलेल्या चार व अधिक पदरी महामार्गावर मोटारींसाठी केंद्राने २०१८ साली कमाल वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर ठरवली. स्थानिक फलकावर ती कमीही असू शकते. युरोपीय घडणीच्या गाड्यांचे सस्पेन्शन काहीसे ताठ असते. गर्दीत खड्डा जाणवतो, पण वेगात गाडी रस्त्याला धरून राहते. काही गाड्या उलट मऊ असतात. गतिरोधकावरून त्या अलगद जातात, मात्र वेगात पदर बदलताना अंग झुकते आणि मागे बसलेल्या नातीला मळमळते. यातले चांगले-वाईट सरसकट ठरवता येत नाही. कुटुंब वर्षातून किती दिवस शहरात आणि किती दिवस महामार्गावर असते, यावर ते ठरते. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, म्हणून अचानक वळवलेल्या स्टिअरिंगला ती ठेंगण्या गाडीपेक्षा कमी क्षमा करते. गाडी घसरू लागताच चाकांना स्वतंत्र ब्रेक लावून तिला सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा या वर्गात आता सर्रास आढळते. ती नसलेली जुनी गाडी घेताना म्हणूनच दोनदा विचार करावा. सुरक्षिततेच्या चाचण्यांचे निकालही आता सहज उपलब्ध असतात. २०२२ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत कुशाक आणि टायगुन यांना प्रौढ व बालक या दोन्ही प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळाले, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशाची स्वतःची चाचणी सुरू झाली आहे.

संक्रांतीच्या दिवशी काला अंबला जायचे तर धुके गृहीत धरावेच लागते. दरवर्षी १४ जानेवारीला तेथे शौर्यदिन साजरा होतो, महाराष्ट्रातून मंडळी येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत यमुनेच्या या सपाट मुलखावर सकाळी दाट धुके उतरते. येथे गाडीच्या गुणांपेक्षा साध्या गणिताला महत्त्व आहे. ताशी १०० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ४२ मीटर तेथेच संपतात, आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत एकूण अंतर शंभर मीटरच्या आसपास जाते. ताशी ६० ला हेच अंतर सुमारे ४५ मीटर, तर ४० ला पंचवीस-सव्वीस मीटर. हे सारे कोरड्या रस्त्यावरचे, चांगल्या टायरचे आकडे आहेत. दवाने ओल्या रस्त्यावर ते वाढतात. समोरचे पन्नास मीटर दिसत असतील तर साठचा वेगसुद्धा काठावरचा ठरतो. हेडलाइट खालच्या झोतावर ठेवावा, कारण वरचा झोत धुक्यावर आपटून चालकाच्याच डोळ्यांवर परततो. पुढे-मागे फॉग लॅम्प असतील तर लावावेत. चारही इंडिकेटर लुकलुकवत चालणे ही आपल्याकडची सर्वमान्य सवय चुकीची आहे. ते दिवे उभ्या गाडीची खूण आहेत आणि ते लावल्यावर वळण्याचा इशारा देण्याचे साधनच उरत नाही. याहून सोपा उपाय म्हणजे दोन तास उशिरा निघणे. शौर्यदिनाचा कार्यक्रम सकाळीच असला, तरी स्तंभ दुपारीही तेथेच असतो.

पानिपत गाव आणि काला अंब

पानिपत शहरावरून जाणारा उंच उड्डाणमार्ग २००८ साली खुला झाला. सरळ पुढे जाणाऱ्यांना शहर दिसतही नाही. काला अंबला जाणाऱ्याला मात्र खाली उतरून बाजारपेठेतून वाट काढावी लागते. हातमाग, सतरंज्या, घोंगड्या आणि लोणची यांचे हे गाव. रस्त्यावर ई-रिक्षा, कापडाच्या गाठींनी लादलेल्या हातगाड्या आणि उसाच्या ट्रॉल्या एकमेकींना खेटून चालतात. गाडीची रुंदी येथे नको तेवढी वाटू लागते. आरसे मिटवता येतात का आणि एका दमात किती लहान वळसा घेता येतो, याचे उत्तर येथे मिळते. हलके इलेक्ट्रिक स्टिअरिंग हे या वर्गाचे मोठे सुख आहे. जुनी सुमो चालवलेल्या आजोबांना त्याचे नवल वाटेल. शहराबाहेरच्या तुटक्या रस्त्यावर पोटाखालची १८८ ते १९० मिलिमीटरची मोकळीक कामी येते. अर्थात हा आकडा रिकाम्या गाडीचा असतो. आजच्या पाच जणांच्या गाडीला त्याहून कमीच मिळते, म्हणून उंच गतिरोधकावर तिरके जाण्याची शहाणीव ठेवावी.

उद्यानात पोहोचल्यावर गोंगाट मागे राहतो. विटांचा तो स्तंभ, इंग्रजी व उर्दूतील मजकूर आणि भोवतीची हिरवळ पाहायला वेळ फारसा लागत नाही, पण मराठी माणूस येथून लवकर निघत नाही. मार्च १७६० मध्ये दक्षिणेतून निघालेल्या त्या सैन्याबरोबर बायका, मुले, यात्रेकरू असा न लढणारा मोठा लवाजमा होता. पैशांची चणचण इतकी, की दिल्ली हाती आल्यावर दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडावी लागली. पुढे पानिपतात दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडले गेल्यावर रसद तुटली. पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना कळली, तीही एका सावकारी पत्रातून. सांकेतिक भाषेत, हरवलेली मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या रूपाने माणसांची हानी त्यात कळवलेली होती, असे परंपरा सांगते. हरियाणातील रोड समाजातील अनेक जण आजही स्वतःला त्या लढाईनंतर येथेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. आजोबांना या समाजातील कोणी भेटले, तर परतीचे वेळापत्रक बिघडणार हे गृहीत धरावे.

पेट्रोल की डिझेल?

परतीच्या वाटेवर घरोघरी होणारी चर्चा इंधनाची असते. राजधानी क्षेत्रात राहणाऱ्या कुटुंबासाठी या प्रश्नाचे उत्तर पुण्या-नागपुरातल्यापेक्षा वेगळे आहे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ७ एप्रिल २०१५ रोजी दिल्ली व राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना मनाई केली. पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांबाबतही अशीच मर्यादा आली आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या आदेशांना दुजोरा दिला. पुढे १२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई करण्यास तूर्त मनाई केली. १७ डिसेंबर २०२५ रोजी हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले. नियम असा वरचेवर हलत असल्याने खरेदीच्या आठवड्यात त्याची ताजी स्थिती पाहणे आवश्यक आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हिवाळ्यात प्रदूषण वाढले की लागू होणाऱ्या टप्पानिहाय निर्बंधांच्या तिसऱ्या टप्प्यात दिल्ली आणि गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद, गौतमबुद्ध नगर या जिल्ह्यांत बीएस-४ डिझेल मोटारींना मज्जाव होतो. स्वस्तात मिळालेली सुस्थितीतील डिझेल गाडी ऐन लग्नसराईत दारात उभी राहू शकते.

नव्या डिझेल गाडीचेही गणित मांडून पाहावे. वर्षाला दहा हजार किलोमीटर धाव, पेट्रोलची गाडी लिटरला १२ आणि डिझेलची १६ किलोमीटर चालते असे समजू. दिल्लीतील २०२५ चे दर पेट्रोल सुमारे ९५ व डिझेल सुमारे ८८ रुपये होते. त्या दराने पेट्रोलचा वार्षिक खर्च सुमारे ७९ हजार आणि डिझेलचा ५५ हजार रुपये येतो. बचत २४ हजारांची. डिझेल गाडीसाठी दीड लाख जास्त मोजले असतील तर ते भरून यायला सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. महामार्गावर सलग वेगाने धावल्यास ती आपोआप जळून स्वच्छ होते, पण घर ते शाळा ते बाजार एवढ्याच फेऱ्या असतील तर ती तुंबते. ज्याचे दर आठवड्याला दिल्ली-पानिपत होते, त्याने डिझेल अवश्य घ्यावे. वर्षातून एकदा काला अंबला जाणाऱ्याला त्याचे प्रयोजन नाही. चाकणच्या त्या जोडगोळीत डिझेलचा पर्यायच ठेवलेला नाही, हे या दृष्टीने बोलके आहे.

हप्त्याचे किलोमीटर

"ॲव्हरेज किती देते?" हा आपल्याकडे नव्या गाडीला विचारला जाणारा पहिला प्रश्न. आजच्या दोनशे किलोमीटरच्या प्रवासात लिटरला १५ किलोमीटर मिळाले तर पेट्रोलचे साधारण १,२७० रुपये झाले, म्हणजे किलोमीटरला सव्वासहा रुपये. आता दुसरा आकडा पाहावा. बारा लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत धरली तर मासिक हप्ता सुमारे १९,३०७ रुपये होतो. वर्षाला दहा हजार किलोमीटर धाव असलेल्या कुटुंबाला हाच हप्ता किलोमीटरमागे २३ रुपयांहून अधिक पडतो. ज्या खर्चासाठी पंपावर एवढी घासाघीस होते, त्याच्या साडेतीनपटीहून अधिक खर्च निमूटपणे खात्यातून जात असतो.

मुदत पाच वर्षांची घेतल्यास हप्ता सुमारे २४,९१० रुपये होतो. पण एकूण व्याज ४ लाख २२ हजारांऐवजी २ लाख ९५ हजारांच्या घरात येते. सव्वा लाखाहून अधिक वाचतात. सात वर्षांच्या कर्जाची दुसरी बाजू अशी, की पाच वर्षांनंतरही सुमारे सव्वाचार लाख रुपये देणे उरतेच. मधेच बदली झाली, गाडी विकावी लागली, तर विक्रीच्या रकमेतून आधी हे देणे भागवावे लागते. आणि गाडी डिझेलची व नोंदणी दिल्लीची असेल, तर कर्ज फिटल्यानंतर दहा वर्षांच्या मर्यादेपर्यंत तीनच वर्षे उरतात. 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार घरच्या अंदाजपत्रकाला लागू पडू नये, एवढीच खबरदारी कर्जाची मुदत ठरवताना घ्यायची असते. हप्ता झेपत नाही म्हणून मुदत वाढवण्यापेक्षा गाडीची एक पायरी खालची श्रेणी निवडणे केव्हाही बरे. वरच्या श्रेणीत मिळणाऱ्या छतावरच्या काचेचे आणि रंगीत दिव्यांचे व्याजही सात वर्षे द्यावे लागते.

या वर्गातील गाड्यांची किंमत साधारणपणे अकरा ते वीस लाखांच्या दरम्यान असते. दहा लाखांहून अधिक किमतीच्या मोटारीवर विक्रेता एक टक्का प्राप्तिकर मुळातच गोळा करतो. तो वार्षिक विवरणपत्रात वजा मागता येतो, पण अनेक ग्राहक ते विसरतात. बारा लाखांच्या गाडीवर ती रक्कम बारा हजार रुपये असते. बदलीच्या नोकरीतील मंडळींसाठी सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेली 'बीएच' नोंदणी मालिका उपयुक्त आहे. केंद्र व राज्य शासन, संरक्षण दले, सार्वजनिक उपक्रम, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांचे कर्मचारी यांना ती घेता येते. राज्य बदलले की पुन्हा नोंदणी करावी लागत नाही आणि पथकर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. दहा ते वीस लाखांच्या गाडीला या कराचा दर १० टक्के धरला आहे, डिझेलला त्यावर दोन टक्के जादा. महामार्गावर वारंवार जाणाऱ्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक फास्टॅग पासही मिळू लागला आहे. सुरू झाला तेव्हा त्याची किंमत तीन हजार रुपये होती. राष्ट्रीय महामार्गावरील दोनशे फेऱ्या किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत तो चालतो.

एखाद्या कुटुंबाने गाडी अजून घेतलेली नसेल, तर विक्रेत्याकडे चाचणीसाठी जाताना घरातील पाचही माणसांनी जावे. आजींना मागच्या आसनावर दोनदा बसवून-उतरवून पाहावे, नातीला मधल्या जागेवर पट्टा लावून बसवावे, आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने, म्हणजे सूनबाईंनीही, आसन आपल्या उंचीला लावून एक फेरी मारावी. फेरी मोकळ्या रस्त्यावर न मारता आपल्या घराच्या गल्लीत नेऊन, रोजच्या जागी गाडी उलटी लावून पाहण्याचा आग्रह धरावा. सायंकाळची वेळ मागून घेतल्यास हेडलाइटही तपासून होतात.